मागची काच

काचेपलीकडून बायनाबाईनं काहीतरी विचारलं आणि सरस्वतीबाईंनी मान हलवून 'हो' म्हटलं. घडलं ते एवढंच. पण काय विचारलं होतं, त्यातलं एक अक्षरही सरस्वतीबाईंना ऐकू आलं नव्हतं. पालीच्या चारा छावणीसमोर, भर रस्त्यात, पाण्याच्या टँकरकडे निघालेल्या म्हशींच्या घोळक्यात गाडी अडकली होती. मागून दुसरा टँकरवाला भोंग्यावर हात ठेवून बसला होता, आत एसीची घरघर चालू होती आणि दोन्ही दारांना म्हशी अशा खेटून उभ्या होत्या की दार उघडायची सोय नव्हती. त्या गर्दीतून वाट काढत बायनाबाई आली, मातीनं भरलेले दोन्ही तळवे तिनं मागच्या काचेवर टेकवले आणि बोलायला लागली. तोंड उघडत होतं, मिटत होतं, मध्येच हसत होतं. मध्येच तिनं पदरानं डोळा पुसला, मध्येच खाली गाडीच्या चाकाकडे बोट केलं. सरस्वतीबाईंचा हात आपसूक काच खाली करायला गेला, पण तिथं हँडल नव्हतंच, नुसता लोखंडी खुंट होता. मागं एका उन्हाळ्यात अर्जुनरावांनी मागची दोन्ही हँडलं काढून ठेवली होती. नातवंडं काचेशी खेळत बसतात आणि गारवा फुकट जातो म्हणून. बायनाबाईनं आता मान तिरकी केली, भुवया वर केल्या आणि ती थांबली. म्हणजे विचारून झालं होतं, उत्तर हवं होतं. माहेरच्या माणसानं अशी मान तिरकी केल्यावर कोणती लेक नाही म्हणेल? सरस्वतीबाईंनी मान हलवली. एकदाच हलवलेली फार कोरडी वाटली, म्हणून आणखी दोनदा हलवली. बायनाबाईचं तोंड फुललं. तिनं काचेवरूनच त्यांच्या गालांवर हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. तो आवाजही आत आला नाही. तेवढ्यात म्हशी सरकल्या आणि गाडी निघाली.

"काय म्हनत होती ओ ती?" सरस्वतीबाईंनी विचारलं.

"कोन?" गाडी चालवणाऱ्या अर्जुनरावांचे डोळे आरशातल्या टँकरवर होते.

"बायना. आमच्या पालीची."

"मला काय ठावं? चेअरमनबाई, तुमच्याच काचेला होती की. तुमीच तर नंदीबैलावानी मान हालवत होता."

एरवी अर्जुनराव बायकोला 'तू'च म्हणत. पण तालुका दूध संघाचं अध्यक्षपद बायकांसाठी राखीव झालं आणि ते स्वतः ज्या खुर्चीत वर्षानुवर्षं बसले होते तिच्यात सरस्वतीबाई येऊन बसल्या, तेव्हापासून गाडीत पाय ठेवला की ते 'तुमी'वर यायचे. गंमत म्हणून सुरू केलेलं हळूहळू अंगवळणी पडलं. माणूस मनाचा मोठा. खुर्ची गेली म्हणून रुसला नाही, उलट ड्रायव्हरला रजा देऊन स्वतः स्टिअरिंग धरलं आणि बायकोला मागं बसवलं. "चेअरमन मागं बसतो," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आता त्या मागच्या सीटवर हँडल नाही आणि पुढच्या दाराला आहे, ही गोष्ट त्यांच्या ध्यानीमनी नव्हती आणि सरस्वतीबाईंच्याही नव्हती. रस्त्यात कोणी हात केला की अर्जुनराव गाडी थांबवत, आपली काच चार बोटं खाली करत, त्या फटीतून फॅट, चारा, टँकर, सगळं बोलून घेत, "बघू, मीटिंगमध्ये मांडू" म्हणत आणि काच वर करत. मागं सरस्वतीबाई हसऱ्या तोंडानं बसलेल्या. लोक त्यांनाही नमस्कार करत. देवळात गेल्यावर मूर्तीलाही करतात, तसा.

पण आज पहिल्यांदा कोणीतरी पुढची काच सोडून मागच्या काचेला आलं होतं. पहिल्यांदा त्यांना कोणीतरी काहीतरी विचारलं होतं, आणि पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या अकलेनं, नवऱ्याकडे न बघता, होकार दिला होता. कशाला, ते ठाऊक नव्हतं. मांजरसुंबा येईपर्यंत त्यांना पहिल्यांदा घाम फुटला, तोही एसीत.

बायना त्यांच्याहून थोडी मोठी. धनगराची पोर. बिंदुसरेच्या तलावाच्या काठाला तिची मेंढरं आणि ह्यांच्या घरच्या दोन शेळ्या बरोबर चरायच्या. मेंढरं पाण्यावर लावून दोघी पाय बुडवून बसायच्या आणि बायना काहीतरी अशक्य गोष्ट काढायची, 'आपुन पलीकडं पवत जाऊ गं' म्हणायची, आणि मान तिरकी करून थांबायची. तेव्हाही ह्या हो म्हणायच्या. एकदा तर हो म्हणून गळ्यापर्यंत पाण्यात गेल्या होत्या आणि बायनानं वेणी धरून बाहेर ओढलं होतं. "शिवे, तू मेली असतीस तर तुझ्या आईनं मला जित्ती गाडली असती," असं म्हणून तिनं वर एक रट्टाही दिला होता. शिवे, कारण तेव्हा त्यांचं नाव शिवकन्या होतं. लग्नात सासरच्यांनी ताटात तांदूळ पसरले, त्यात अंगठीनं अर्जुनरावांनी 'सरस्वती' लिहिलं, सगळ्यांना दाखवलं, सगळ्यांनी छान छान म्हटलं. वाईट काही वाटलं नव्हतं; नवं लुगडं, नवं घर, तसं नवं नाव. फक्त नंतर त्या तांदळाची खीर झाली तेव्हा त्यांना उगाच वाटलं होतं, की लिहिलेलं नाव तर सगळ्यांनी खाल्लं, मग आधीचं कुठं गेलं? आई होती तोवर ते आईपाशी होतं. मग भावांच्या तोंडीही 'अक्का' राहिलं. आणि आता तर बोर्डावर, हारावर, पत्रिकांत, सगळीकडं सरस्वतीबाई. त्या तलावाचाही ह्या दुष्काळात तळ उघडा पडला होता आणि त्यांच्या पाय बुडवायच्या जागेवर आता चारा उतरवत होते.

दुसऱ्या दिवशी गाडी छावणीसमोरून गेली तेव्हा बायनाबाई रस्त्याला उभीच होती. तिनं हात हलवला, सरस्वतीबाईंनीही हलवला. तिसऱ्या दिवशी तिच्यासोबत आणखी दोघी होत्या आणि बायनाबाई त्यांना बोटानं गाडी दाखवत होती. पुढं पुढं तर बायकांची रांगच उभी राहायला लागली, एका म्हाताऱ्यानं काठी काखेत मारून हात जोडले आणि बायनाबाईनं दोन्ही हातांनी काहीतरी एवढं एवढं दाखवून, आपल्या झोपडीकडे बोट करून, पोट धरून हसून दाखवलं. अर्जुनराव खूश. "बघा चेअरमनबाई, मानसं अजून वळखतेत आपल्याला," म्हणत ते भोंगा वाजवून उत्तर देत. मागं सरस्वतीबाईंना एकच विचार. काय कबूल केलं आपण? कडबा? एवढं एवढं म्हणजे गंजी असेल का? की पाण्याची टाकी? की तिच्या नातवाला संघात नोकरी? नोकरी हाताएवढी कशी दाखवता येईल? पोट धरून हसण्यासारखं त्यात काय आहे? घरात भाकरी थापताना, संघात केबिनमध्ये पंख्याखाली, आंघोळीला दोन तांबे पाणी घेताना सरस्वतीबाई बायनाबाईच्या तोंडाच्या हालचाली आठवून आठवून शब्द लावून पाहायच्या. आरशासमोर स्वतः तोंड हलवून पाहायच्या. एकदा सुनेनं पाहिलं आणि ती दात दुखतोय का म्हणून लवंगेचं तेल घेऊन आली.

सरळ जाऊन विचारावं, हे कळत होतं. पण काय विचारणार? 'बायना, तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नव्हतं, मी उगाच मुंडी हलवली'? आतापर्यंत तिनं सगळ्या छावणीला सांगितलं असेल की आपली शिवी हो म्हणाली. पुरुष 'बघू' म्हणतात, त्या 'बघू'ला कोणी धरून बसत नाही. पण पालीच्या लेकीनं पालीच्या शिवेत हो म्हणायचं आणि नंतर हात झटकायचे, म्हणजे माहेरची वाटच बंद. त्यांना भीती वाटत होती ती खर्चाची नव्हे. भीती ही होती, की आयुष्यात एक होकार आपला स्वतःचा दिला आणि तोच पोकळ निघाला तर आपण खरंच त्या सीटवर ठेवलेल्या मूर्ती ठरू.

आणि एका दुपारी, मृग कोरडा चालला होता, ढग नुसते येऊन उकाडा वाढवून जात होते, तेव्हा त्यांना स्वतःची एक गोष्ट समजली. संघातून निघून त्या गाडीत बसल्या, दार लागलं, बाहेरची सगळी कलकल एकदम तुटली आणि जाळीतून गार हवेचा झोत मानेवर आला. डोळे मिटले गेले. काय बरं वाटलं! घाम सुकला, ब्लाउज पाठीपासून सुटला आणि मनात आलं, आता पाली आली नाही तरी चालेल, अशीच गाडी चालत राहावी. मग त्यांना लाज वाटली आणि पाठोपाठ हसूही आलं. हँडल नाही म्हणून आपण ऐकत नाही, असं आपण समजत होतो. हँडल असतं तरी आपण ते फिरवलं नसतं. चोर बाहेर नव्हताच, तो असा मानेवर फुंकर घालत होता.

सकाळी चहाला त्यांनी विषय काढला. "गाडीतला एसी काढून टाकू."

अर्जुनरावांची बशी ओठाशीच थांबली. "बिघडला का?"

"न्हाई. चांगला हाय."

"मग कावून?" त्यांनी बशी खाली ठेवली. "लोक बसवायला धडपडायलेत अन् आपुन काढायचा? लोक काय म्हनतील?"

"तेच ऐकायचंय मला. लोक काय म्हनतेत ते."

"मग हँडल लावून घे की. त्याला एसी कशाला काढायचा?"

"हँडल लावलं तरी मी फिरवनार न्हाई."

"कावून?"

"गार लागतं. लई बरं वाटतं. मला माजं म्हाईत हाय."

अर्जुनराव घरात बोलताना पहिल्यांदाच 'तुमी'वर आले. "अशा गोष्टीला ठराव लागतो, चेअरमनबाई."

"झाला ठराव. एकमतानं."

"कुनाच्या?"

"माझ्या," सरस्वतीबाई म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

नेकनूरला बसस्टँडामागं आश्रुबाचं गॅरेज होतं. ही पांढरी अँबॅसिडर एका बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या लिलावात घेतली तेव्हा तिच्यात एसी ह्याच आश्रुबानं बसवला होता, पुढं हार घालून, नारळ फोडून. त्यानं हातातला पाना खाली ठेवून दोनदा विचारून घेतलं. "अन्ना, बसवायला येनारे लई पाहिले. चालता एसी काढा म्हननारं गिऱ्हाईक पयलंच." अर्जुनरावांनी मागं उभ्या असलेल्या सरस्वतीबाईंकडे अंगठा केला आणि ते झाडाखालच्या बाकड्यावर जाऊन बसले. बसले म्हणजे बसवेना. आश्रुबानं बॉनेट उघडलं तसे ते उठून आले. आश्रुबानं पाइपाचा आटा सैल केला आणि गॅस मोठ्यानं फुसकारला. स्टँडावरची रिकामी माणसं दचकून मागं सरकली आणि मग हसायला लागली. "गेला का बे जीव?" कोणीतरी विचारलं. अर्जुनरावांनी टोपी काढली. खरंच काढली, डोकं खाजवायला का होईना, आणि सरस्वतीबाईंना नवऱ्याची एकदम माया आली. मग पट्टा निघाला, कॉम्प्रेसर निघाला, रेडिएटरपुढची जाळी निघाली. "आता इंजनाला सरळ वारं लागंल, वैनी. घाटात उकळायची न्हाई गाडी," आश्रुबा म्हणाला. सगळ्यात शेवटी डॅशबोर्डाखालची पेटी खोलली तेव्हा तिच्यातून धुळीचा थर, गांधीलमाशीचं कोरडं घर आणि मूठभर हळदीचे तांदूळ खाली सांडले. लग्नसराईत ही गाडी नवरा-नवरी बसवायला अख्ख्या भावकीत फिरायची, तेव्हाच्या त्या अक्षता. इतकी वर्षं त्यांच्यावरून गार वारा वाहत होता. सरस्वतीबाईंनी ते तांदूळ तळहातावर गोळा केले, बोटानं थोडे पसरले, पुन्हा एकत्र केले. मग समोर चिमण्या होत्या, त्यांना टाकले.

पाइप गेलेली भोकं आश्रुबानं ट्रॅक्टरच्या ट्यूबचे तुकडे कापून बुजवली. काढलेलं सगळं सामान अर्जुनरावांनी गॅरेजात ठेवू दिलं नाही, डिकीत भरून घेतलं. "असू दे. ठराव फिरतो बी कधीकधी," असं ते म्हणाले. आणि आश्रुबा हात पुसत 'झालं' म्हणाला तेव्हा त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालाची गाठ सोडली आणि त्यातून मागच्या काचांची दोन हँडलं काढून त्याच्या हातात दिली. ती त्यांनी सकाळीच माळ्यावर चढून, कुणाला न सांगता, शोधून आणली होती.

आणि मग गाडी निघाली, चारी काचा खाली. पहिलं ऊन तोंडावर आलं ते तव्याच्या वाफेसारखं. डोक्यावरचा पदर उडाला, डोळ्यांत माती गेली, केस पार पिंजारले. अर्जुनराव सवयीनं एसीचं बटण फिरवत होते. त्या बटणामागं काही उरलं नव्हतं तरी फिरवत होते. पण आवाज! इतके आवाज रस्त्याला असतात हे सरस्वतीबाई विसरल्या होत्या. सायकलवाल्याची शिट्टी, टँकरमधलं डचमळणारं पाणी, मांजरसुंब्याच्या फाट्यावर दोन बायकांचं भांडण, ते तर त्यांना उतरून पूर्ण ऐकावंसं वाटलं. गाडी बघून कोणी म्हणालं, "आज चेअरमनबाईचा एसी मेला वाटतं," आणि त्यांनी खिडकीतून ओरडून सांगितलं, "मारला! मीच मारला!" अर्जुनरावांनी आरशात पाहिलं. त्या लहान पोरीसारख्या हसत होत्या. पण पालीचा उतार लागला तसं हसू आटलं. आता ऐकायचं होतं. गंजी असो की टाकी, जे असेल ते.

"शिवे! ए शिवे! सरक तिकडं, मर तिकडं, पाय देशील की ग!"

गाडी अजून पुरती थांबलीही नव्हती. ते नाव खिडकीतून आत आलं आणि सरस्वतीबाईंच्या तोंडून मोठ्यानं 'ओ' निघून गेलं. ते कोणाच्या गळ्यातून आलं हेच त्यांना कळेना. पातळ, तलावाच्या काठावरचा आवाज होता तो. मग बायनाबाई चाऱ्याच्या पेंढ्या टाकून धावत आली आणि हसता हसता तिला ठसकाच लागला.

"तुला न्हाई गं बये! तिला, तिला!"

तिच्या मागं, दाव्याला हिसके देत, एक काळीभोर वगार उभी होती. म्हशीची एवढीशी पोर, कवेत मावेल एवढी.

"त्या दिशी तुझी गाडी हितं थांबली न्हवं का," बायनाबाई सांगायला लागली, "तवा खालून टपटप पानी गळत हुतं. ही म्हशीला तोंड लावंना, पान्याला लावंना, मरती का काय म्हनून मी रडायलते. अन् ही गेली की सरळ तुझ्या गाडीखाली, अन् लागली चाटायला! तवाच तर तुला इचारलं. म्हनलं, शिवे, रागवू नको, पर जगली तर हिला तुझं नाव ठिवू का? म्हशीला चेअरमनबाईचं नाव, कुनी काय म्हनंल! पर तू एकदा न्हाई, तीनदा मान हालवलीस. समद्यांनी पाहिलं."

"पाहिलं, पाहिलं," रांगेतल्या बायका म्हणाल्या.

सरस्वतीबाईंनी दार उघडलं आणि त्या खाली उतरल्या. कोडं सुटलं होतं आणि त्या जागी काय आलं होतं ते त्यांना हसू म्हणावं की रडू, ठरत नव्हतं. त्यांचं नाव कुठं गेलं होतं? इथं होतं. छावणीत सकाळसंध्याकाळ घेतलं जात होतं, शिव्या खात होतं, चारा खात होतं. काच खाली पाहून बायकांना धीर आला असावा. एकेक करून त्या पुढं आल्या. दावणीतल्या ज्या म्हशी अजून देतात त्यांचं दूध संघाच्या केंद्रावर न्यायला पायी जावं लागतं, उन्हात फाटतं, मग परत पाठवतात. कॅन इथंच छावणीत का येत नाही? ह्या वेळी त्यांनी एकेक शब्द ऐकला. पुढच्या सीटवरून अर्जुनरावांनी गळा साफ केला. "बघू, मीटिंगमध्ये..."

"बघू न्हाई," सरस्वतीबाई म्हणाल्या. "उद्या सकाळपासून कॅन हितं येतील. हो म्हनलंय मी."

अर्जुनरावांनी वळून पाहिलं. बायकोच्या केसांत धूळ होती, कपाळावर घामाचा ओहोळ होता आणि ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. त्यांनी हळूच गाडी बंद केली. आज इथं वेळ लागणार, हे त्यांना समजलं होतं.

मधल्या वेळात वगार दाव्यासकट गाडीपाशी पोचली होती. तिनं पुढच्या चाकामागं मान घातली, जीभ काढली, जमीन चाटली. कोरडी. सरकून पुन्हा चाटली आणि मग मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. एसीबरोबर त्याचं ठिबकणारं पाणीही गेलं, हे सरस्वतीबाईंच्या आता ध्यानात आलं. आपल्या ठरावात हिला कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी गाडीतली पाण्याची बाटली काढली, त्या तिथंच मातीत बसल्या आणि ओंजळ भरून पुढं केली. खरखरीत, गरम जीभ तळहातावरून फिरली तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला. बाटली संपेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.

"बास कर आता, चहा झालाय," झोपडीच्या दारातून बायनाबाईनं हाक मारली. "शिवे, चल!"

वगार जागची हलली नाही. सरस्वतीबाई मात्र पदर खोचून उठल्या.